दादाने आखलेली सहल

मुंबईच्या खाडीपलीकडच्या त्या मोठ्या मनोरंजन पार्काची जाहिरात हल्ली केबलवर सारखी लागते. आमच्या गल्लीतल्या पोरांना ती तोंडपाठ आहे, पण तिथे जाऊन आलेलं कोणी नव्हतं. आम्ही जाऊन आलो, तेव्हापासून दुकानात आलेल्या बायका कापड बाजूला ठेवून एकच विचारतात, "भाभी, आधी सगळं ठरवून जावं, की तिथे जाऊन बघावं?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. उत्तरासाठी शेवटपर्यंत थांबायला नको. ठरवून देणारा माणूस कोण आहे ते आधी बघा, मग काय ते ठरवा.

आमच्या बाबतीत ठरवून देणारा होता माझा मोठा भाऊ. दादा ठाण्याला एका कंपनीत खरेदीच्या खात्यात अधिकारी आहे. आम्ही दोघं इंदूरच्या गिरणी भागात एका खोलीत वाढलो. तो शिकून बाहेर पडला. मी गिरणीतल्या विणकराशी लग्न केलं आणि तिथेच राहिले. गिरणी बंद झाली तेव्हा कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून मी त्याला फोन केला होता. काही मागायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. दादा म्हणाला, "सुमन, याचा आधीच विचार करून ठेवायला हवा होता."

ते वाक्य मी विसरलेले नाही. आधी विचार! अरे, आमच्याइतकं आखून कोण जगलं? भोंग्याला उठायचं, भोंग्याला डबा भरायचा, भोंग्याला दिवा मालवायचा. कोणती पाळी आहे ते बघून घरातला सण ठरायचा. फाटकाला कुलूप लागलं त्या सकाळीही आमचे हे वेळेवर पोचले होते. आमची आखणी चुकली नव्हती. चूक कोणाची ते ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत, आणि ज्यांना काही माहीत नाही ते ठाण्याहून फोनवर सांगतात.

मग मी कटपीसची गठडी बांधली. हे सायकल धरायचे आणि मी दारं वाजवायची. सुदामा नगरच्या बायकांनी मला भाव करायला शिकवलं. राजेंद्र नगरच्या बायका भाव करत नाहीत, नुसत्या "उद्या या" म्हणतात. त्यांनी मला न थकायला शिकवलं. आज माझं दुकान आहे. लहान आहे, पण माझं आहे. गठडी उचलल्यापासून माझं तोंड तिखट झालं असं नातेवाईक म्हणतात. म्हणोत.

यंदा आमची एकुलती मुलगी वैशाली बारावी पास झाली, आणि दादाचा फोन आला. "तिला इकडे माझ्याकडे ठेवा. आमचा राहुल होस्टेलला गेलाय, त्याची खोली रिकामी आहे. तुम्ही तिघं या, पार्कही बघून घ्या, आणि जाताना काय ते सांगा."

म्हणजे पार्क हे निमित्त होतं. मुलगी ठेवायची की परत आणायची, हे ठरवायला आम्ही निघालो होतो. खरं सांगते, तिला दुकानात बसवायची माझी इच्छा नव्हती. पण तिला दादाच्या हाती सोपवणं म्हणजे ते फोनवरचं वाक्य बरोबर होतं असं कबूल करणं. ते मी मरेपर्यंत करणार नव्हते.

ठाणे

प्रवासाचं लिहीत नाही. गाडीत बसलो आणि उतरलो.

सकाळी वहिनीने पोहे केले होते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. शेव नाही, बडीशेप नाही, आणि शेजारी जिलबी असते हे तर तिकडे कोणाला खरंच वाटत नाही. ह्यांनी खिशातून जीरावनाची, आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढून पोह्यांवर भुरभुरवली. वहिनीने आपली बशी पुढे केली. दादा म्हणाला, "अगं, तुला ॲसिडिटी होते." वहिनी म्हणाली, "होऊ दे."

खाली भाजीवाल्याकडे मी भेंडीचा भाव केला. तो म्हणाला, "बाई, घ्यायची तर घ्या, मागे लोक उभे आहेत." आमच्याकडे भाव न करणारं गिऱ्हाईक दिसलं तर भाजीवाला विचारतो, तब्येत बरी आहे ना?

जेवताना दादाने कागद काढले. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छापलेले, दोन्ही कडांना भोकं असलेले. प्रत्येकाला एक. घरातून कधी निघायचं, कोणत्या होडीत बसायचं, कोणता पाळणा आधी आणि कोणता नंतर, जेवायला कुठल्या टेबलाकडे जायचं, सगळं त्यावर होतं. "उघडल्या उघडल्या थेट रोलर कोस्टर," दादा म्हणाला. "लोक आधी दारातल्या पाळण्यांवर तुटून पडतात. तो खूप आत आहे. सुरुवातीला तिथे रांग नसते." चार ठिकाणी विचारून त्याने हे काढलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. मी खोटं लिहिणार नाही.

मग त्याच सुरात, त्याच घासाबरोबर, त्याने वैशालीचंही सांगून टाकलं. अमुक कॉलेज. बीकॉमच. संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास, नंतर बँकेच्या परीक्षा, नंतर चांगलं स्थळ. रविवारी सकाळी इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचा.

"तुला काय वाटतं गं?" मी वैशालीला विचारलं.

"तिला काय वाटायचंय?" दादा म्हणाला. "तिच्या वयात मला कोणी एवढं आखून दिलं असतं तर..."

वैशाली ताटातल्या भातात बोटाने रेघ ओढत राहिली. रात्री विचारलं, सकाळी विचारलं. नुसती मान हलवायची, आणि ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळायचं नाही.

ह्यांना तर अर्धं ऐकूच आलं नव्हतं. मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे कान तसेच होतात. लूमखात्यात कोणी तोंडाने बोलत नाही, बोललेलं ऐकू येतच नाही. दोन मागांपलीकडच्या माणसाशी हातांनी आणि ओठांनी बोलायचं. ती बोली हे घरीही घेऊन आले, आणि वैशाली बोबडं बोलायच्या आधी ती शिकली. तळहात आडवा खाली दाबला की थांब, इथेच राहा. दोन्ही तळवे एकमेकांवर पुसले की पाळी संपली, घरी चल. आमच्या घरात भांडणंसुद्धा अशी होतात, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

फाटकापाशी

दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडायला होडी होती. आम्ही माळव्याची माणसं, पाण्यावर आलो की हे गप्प होतात आणि मी जास्त बोलते. समोर खारफुटीच्या हिरव्या झाडोऱ्यामागून लोखंडाचे रंगीत सांगाडे वर आले, त्यांच्यामध्ये एक भलामोठा आकाशपाळणा. वैशाली होडीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "टोकाला नको," दादा म्हणाला. ती तिथेच राहिली.

कागदाप्रमाणे आम्ही वेळेच्या आधी फाटकावर पोचलो. दादा खूश होता. आणि फाटकावर वॉचमनने माझी पिशवी उघडायला लावली.

इंदूरचा माणूस पिशवीशिवाय घराबाहेर पडत नाही आणि पिशवी खाण्याशिवाय भरत नाही. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचं लोणचं, लसणाची शेव आणि वर साखरेचे शंकरपाळे.

"बाहेरचं खाणं आत नाही," वॉचमन म्हणाला. पन्नाशीचा, खाकी कपड्यातला, शांत माणूस.

"भिया, बाहेरचं कुठे? घरचं आहे."

"ताई, पार्काच्या बाहेरचं."

"आमच्या ह्यांना पथ्य आहे."

त्याने लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. "कैरीचं पथ्य?"

"बरं, पुऱ्या आत, भाजी तुमच्याकडे."

"ताई, मी रोज सकाळपासून हेच ऐकतो."

"मग निम्मं निम्मं."

"सुमन!" दादा दातांवर दात ठेवून म्हणाला. "ते टाक आणि चल. आत टेबल धरायला सांगून ठेवलंय मी. रांग लागेल तिकडे."

टाक! पहाटे उठून वहिनीच्या ओट्यावर तळलेल्या पुऱ्या टाक! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आत नेता येत नाही ना? ठीक आहे. बाहेर खाता येतं. आणि फाटकाशेजारी बदामाच्या झाडाखाली माझ्या दुकानातली चादर अंथरली.

"आत्ता? जेवण?" दादा म्हणाला. "आत्ताशी नऊ..."

वहिनीने चपला काढल्या आणि चादरीवर बसली.  

फाटकावर अडलेले आम्ही एकटेच नव्हतो. सोलापूरचं एक कुटुंब भाकऱ्या आणि शेंगांची चटणी घेऊन वाद घालत होतं. मी हाक मारली, "या हो, इकडे बसा." ते आले. मग वसईच्या एक बाई ठेपले घेऊन आल्या. बघता बघता पंगत बसली. सोलापूरच्या आजोबांनी आमची शेव चाखली आणि म्हणाले, "तिखट म्हणता ती हीच का? आमच्याकडे हे तान्ह्या बाळाला देतात." त्यांना दुसरी मूठ दिली. मग पाणी मागितलं त्यांनी.

ह्यांनी मला दुरूनच हाताने विचारलं, त्या वॉचमनला देऊ का पुरी? मी काही म्हणायच्या आत वॉचमननेच हात वर केला आणि तसाच हातांनी जबाब दिला, दोन दे, लोणच्यासकट.

हे उठून उभे राहिले. "कुठलं खातं?"

"साचे," तो म्हणाला. मुंबईत मागाला साचा म्हणतात. "वीस वर्षं. आता हे." त्याने खाकी कपड्याला हात लावला.

मग दोघं जे लागले! जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला, ही खूण हे मिशीला पीळ देऊन करायचे. तो म्हणाला, छे, आमच्याकडे पोटावर हात फिरवतात. "आमचा जॉबर वाळकुडा होता," हे म्हणाले. "तर आमचा बिनमिशांचा," तो म्हणाला. दोघं एवढ्या मोठ्याने हसले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. गिरणी बंद झाल्यापासून ह्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. वैशाली हातातली पुरी तशीच धरून बघत होती.

दादा मात्र उभाच. घडी घातलेला कागद उघडायचा आणि बंद करायचा.

आत

आत गेलो तोवर रोलर कोस्टरची रांग तीन वेळा वळसे घेऊन बाहेरच्या रस्त्यावर आली होती. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोठीच आहे रांग." चुकले असं म्हटलं नाही, इथेही म्हणत नाही. तो पाळणा आम्हाला मिळाला नाही, एवढं खरं आहे. ज्यांना त्यातच बसायचं आहे त्यांनी दादाचा सल्ला माना आणि पुऱ्या घरी खाऊन निघा.

मग जे मोकळं दिसेल त्यात बसलो. झुलत्या जहाजात माझी एक चप्पल उडाली आणि खालच्या तळ्यात पडली. पाळणा चालवणाऱ्याला मी म्हटलं, चप्पल काढून दे, नाहीतर दुसरी दे. तो म्हणाला, आपल्या वस्तूंची जबाबदारी आपली, असा बोर्ड आहे. मी म्हटलं, बोर्ड पायात घालू? शेवटी त्याने आतून रबरी सपाता आणून दिल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. दिवसभर त्याच घातल्या. आता दुकानात घालते.

जागोजागी नव्याने आलेल्या परदेशी शीतपेयांच्या टपऱ्या होत्या, आणि प्रत्येक खांबावर कर्णा. गाण्यांचा इतका गदारोळ की शेजारच्या माणसाला हाक मारायची तर खांदा हलवावा लागे. दादा नवा क्रम आखत होता. "आता आधी पाण्याची घसरगुंडी, मग..." वळून बघतो तर वैशाली नाही.

ती आकाशपाळण्यात चढली होती. एकटी. तो कागदावर नव्हताच. "त्यात वेळ फार जातो," असं दादाने आदल्या दिवशी सांगितलं होतं.

पाळणा वर गेला, एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि वैशालीची टोपली टोकाशी असताना थांबला. लोक चढवायला थांबवला असेल म्हणून आम्ही वाट पाहिली. तो हलेना. खालचा माणूस बटणं दाबत होता, कोणाला तरी हात करत होता. बिघाड झाला होता.

"वैशाली! घाबरू नकोस! खाली बघू नकोस!" दादा ओरडला. त्याचा आवाज त्याच्याच कानापर्यंत पोचला असेल की नाही कोण जाणे. तो ऑफिसकडे धावला. वहिनी त्याच्यामागे गेली.  

हे चार पावलं मागे मोकळ्या जागेत गेले आणि दोन्ही हात वर केले. भीती वाटते?

वरून इवलासा हात हलला. नाही.

चक्कर?

नाही. मग तिने हात असा गोल फिरवला, खाडीवरून, झाडांवरून, पलीकडच्या इमारतींवरून. केवढं दिसतंय, बघा.

ह्यांनी थोडा वेळ हात खाली सोडले. मला वाटलं, झालं. पण त्यांनी ते पुन्हा उचलले आणि, कोणी सांगितलं नसताना, मला न विचारता, तिला विचारलं. आधी तळहात आडवा खाली दाबला. मग दोन्ही तळवे एकमेकांवर पुसले. थांबणार, की घरी?

मी त्यांचा दंड धरला. आत्ता हे विचारायची वेळ आहे? त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

 मग वैशालीने हात टोपलीच्या बाहेर काढला आणि तळहात आडवा करून खाली दाबला. थांबणार.

जेवणाच्या टेबलावर जे दोन दिवस निघालं नाही, ते तिथून आलं. माझा पहिला राग तिच्यावरच आला. म्हणजे दादा जिंकला. एवढी गठडी वाहिली, एवढी दारं वाजवली, आणि माझीच पोरगी त्याच्या बाजूने.

पण तिचं संपलं नव्हतं. तिने हात छातीवर ठेवला आणि मग मूठ करून जोरात आपल्याकडे ओढली. ही खूण लूमखात्यात कधी करतात ते ह्यांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. जॉबर येऊन मागाशी खुडबूड करायला लागला की विणकर ती करतो. दांडा सोड. माझा माग मी चालवीन.

हे हसले नाहीत. त्यांनी तीच खूण तिला परत केली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना?"

"मला डोळे आहेत," मी म्हटलं.

सौदा

पाळणा सुरू झाला तेव्हा दादा एका अधिकाऱ्याला हाताला धरून आणत होता. घामाने भिजला होता बिचारा. वैशाली उतरली, गाल लाल, आणि म्हणाली, "मामा, पुन्हा बसू?" दादा बाकावर मटकन बसला. मी त्याच्या शेजारी बसले. गिऱ्हाईक दमलेलं असताना बोलावं, हा धंद्याचा पहिला नियम आहे.

"वैशाली राहील तुझ्याकडे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "मला माहीत होतं. म्हटलं ना, शांतपणे विचार केला की..."

"थांब. बीकॉम नाही. काय शिकायचं ते ती बघेल, चार कॉलेजं स्वतः हिंडून."

"सुमन, ॲडमिशन अशी हिंडून मिळत नाही."

"नाही मिळाली तर तिची तिने बघायची. रविवार तिचा. पेपर वाचेल, नाहीतर झोपेल. आणि स्थळ हा शब्द घरात निघायचा नाही."

"तू मुलीचा भाव करतेस?"

"मुलीचा नाही. तुझा करते."

तो चिडला. म्हणाला, माझं घर आहे, माझ्या घराला काही शिस्त आहे. मी उठले. "चल गं वैशाली, परत जाऊ." वैशालीने चमकून माझ्याकडे पाहिलं. पण सौद्यात गठडी बांधायला घेतल्याशिवाय समोरचा हलत नाही. मी दोन्ही डाव्या सपाता फटफटवत दहा पावलं गेले. खोटं चालले की खरं, ते मलाही सांगता येणार नाही.

हाक दादाने मारली नाही. वहिनीने मारली. "सुमनवन्सं, या इकडे. घर माझंही आहे. खोलीची किल्ली तिच्याकडे राहील. क्लास लावायचा की नाही ते तिने मला सांगायचं." मग दादाकडे वळून, "आणि तुम्ही आता जरा पाणी प्या."

दादा पाणी प्यायला. तोंड पुसून म्हणाला, "दिवेलागणीला घरी. त्यात कमीजास्त नाही."

"कुठे असेन ते सांगून जाईन," वैशाली म्हणाली. या विषयावर पहिल्यांदाच तोंडाने. "उशीर होणार असेल तर फोन करेन, मामा. पण येईन तेव्हा येईन."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. हा तिचा सौदा होता. शेवटी त्याने मान डोलावली.

मग मी माझी गोष्ट काढली. "तू फोनवर म्हणाला होतास, आधी विचार करायला हवा होता. ते मागे घे."

"कधी म्हणालो मी असं?"

त्याला आठवतही नव्हतं. मी एवढी वर्षं जे उशाशी घेऊन झोपले, ते त्याला आठवत नव्हतं. हे म्हणाले, "जाऊ दे ना आता." मी म्हटलं, "जाऊ देणार नाही." होडीत बसेपर्यंत त्याने ते मागे घेतलं नाही. बाकी सगळं मी मिळवलं, तेवढं राहिलं. सोडलेलं नाही, हे त्याने वाचलं तर बरंच आहे.

इंदूर

आम्ही दोघं परत आलो. घरात आता फार बोलणं होत नाही, हातांनीही नाही. वैशालीने मायक्रोबायोलॉजी घेतलं आहे. ते काय असतं ते मला अजून नीट कळलेलं नाही, दादालाही कळलेलं नाही, आणि त्याचा मला फार आनंद आहे. स्टेशनवर गाडी हलताना तिने विचारलं होतं, "आई, कधी येशील?" मी एरवी म्हणाले असते, बघू, जमेल तसं. तोंडातून निघालं, "दिवाळीच्या पाडव्याला."

परवा दिवाळीच्या गाड्यांच्या रिझर्व्हेशनची खिडकी उघडली. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभी राहिले. बाबूने माझ्याकडे बघून चष्मा खाली केला. म्हणाला, "अम्माजी, त्योहार को अभी बहुत टाइम है. इतनी जल्दी प्रोग्राम फिक्स मत करो, बाद में कैंसल कराने आओगी."

मी म्हटलं, "भिया, तुम टिकट दो. प्रोग्राम ठहराना मेरा काम है."